बिरू बंडगर, वजन अठरा किलो

"मुलीवर काही गुन्हा, तक्रार, भांडणतंटा?" हवालदारांनी मान वर न करता विचारलं.

"पोरीवर न्हाय, सायेब," तात्या म्हणाले. "माझ्यावर हाय."

हवालदारांचं पेन थांबलं. मीही तात्यांकडं पाहिलं. इंदापूरच्या पोलीस ठाण्यात आम्ही दोन तास बाकावर बसलो होतो. तात्या, माझे वडील, कळसच्या जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते, म्हणजे मलमपट्टी आणि सुया करणारे. तिथला खाकी शर्ट इस्त्री करून ते आले होते. पोलिसांसमोर जायचं तर सरकारी माणसासारखं जावं, असं त्यांचं म्हणणं.

"काय केलंय आबा तुमी?"

"खोटं नाव लिवलंय. दवाखान्यात. सतरा वर्सं झाली."

ते साल शहाण्णव. माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं. संभाजी, माझे यजमान, सांगवीचे. ऑस्ट्रेलियात एका दूध डेअरीत नोकरीला होते. मी बारामतीत खोली घेऊन शाळेत शिकवत होते. नवऱ्याकडं कायमचं राहायला जायचं तर तिथल्या सरकारला दोन कागद हवे होते. एक पोलिसांचा दाखला, दुसरा डॉक्टरांचा. पोलिसांचं सोपं वाटत होतं. अडलं ते डॉक्टरांपाशी. त्या सरकारनं नेमून दिलेल्या मुंबईच्या डॉक्टरांनी माझ्या छातीचा फोटो उजेडावर धरला आणि उजव्या बाजूला वरती बोट ठेवलं. "हा जुना डाग आहे. लहानपणी टीबी झाला होता?"

मी म्हटलं, "मला नाही. माझ्या वडिलांना झाला होता."

"डाग तुमच्या छातीत आहे," ते शांतपणे म्हणाले. "पूर्ण उपचार झाल्याचा पुरावा आणा. त्याशिवाय फाइल पुढं पाठवता येणार नाही."

घरी येऊन मी हे सांगितलं, तेव्हा आई चुलीपुढून उठून बाहेर गेली. तात्या दवाखान्यात निघून गेले. नवव्या दिवशी मी पोलिसांकडं जायला निघाले तेव्हा ते म्हणाले, "म्या बी येतो."

आणि आता ते हवालदारांच्या टेबलाची कड धरून उभे होते.

"टीबी हिला झाला हुता. नऊ वर्सांची हुती. म्या डॉक्टरांच्या पाया पडलो, म्हणलं माझं नाव लिवा. पोरीची जात, उद्या कोण करून घील? त्यांनी लिवलं. दीड वरीस औषिद हिनं खाल्लं, कागदावर म्या खाल्लं. ह्यो गुन्हा हाय का न्हाय?"

हवालदारांनी पेनाला टोपण लावलं. पन्नाशीचा माणूस, कानावर पांढरे केस. त्यांनी आधी माझ्याकडं पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर काय होतं मला माहीत नाही, पण त्यांनी नजर खाली केली.

"हे पोरीला ठावं नव्हतं?"

"न्हाय."

"मग हितं कशाला सांगताय आबा? हे पोरीचं व्हेरिफिकेशन हाय, तुमचं न्हाय."

"दोनी कागद एकाच सायबाच्या टेबलावर जाणार, सायेब. डॉक्टर एक लिवणार, तुमी एक लिवणार. मेळ बसला न्हाय तर तो म्हणंल, पोरगी खोटारडी हाय. तवा तुमी बी खरं लिवा."

हवालदारांनी फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला, उलटा करून पाठही पाहिली.

"न्हाय हो," ते म्हणाले. "त्याला हितं रकानाच न्हाय." मग खालच्या ओळीवर 'विरुद्ध काही आढळून आले नाही' असं लिहून त्यांनी सही केली. "जावा. पोरीला आधी चहा पाजा. पांढरी पडलीय."

आम्ही चहा घेतला नाही. बाहेर रस्त्याला लागलो. तात्या पुढं, मी मागं.

मला आठवत होत्या त्या सुया. सकाळी जनावरांचा दवाखाना उघडण्याआधी तात्या मला मागच्या खोलीत नेत. गुळासारखा वास यायचा तिथं, कशाचा तरी, पेंडीचा असावा. ते पाण्यात सुई उकळत, आणि म्हणत, "माझ्यापासनं तुला हू नाय म्हणून टोचतो, बाय. बैल रडत न्हाय, तू कशाला रडतीस?" नव्वद सुया. त्या मीच मोजल्या होत्या, कारण प्रत्येक दहा सुयांमागं एक बत्तासा ठरला होता. गोळ्या आई गुळात कुटून द्यायची. महिन्यातून एकदा तिथल्याच काट्यावर तात्या माझं वजन करत.

आणि मला आठवत होतं बाकीचंही. एसटी थांब्यावरच्या हॉटेलात तात्यांचा कप वेगळा होता, कान तुटलेला. तो ते स्वतः विसळून ठेवत. लग्नात ते पंगतीच्या टोकाला, शेवटी, एकटे बसत. मामी आली की तिची पोरं त्यांच्या मांडीवरून उचलून न्यायची. ते बरे झाल्याचं गावाला सांगितलं, तरी पुढं कित्येक वर्षं ते तसंच राहिलं.

"तात्या," मी हाक मारली. ते थांबले. "मी तुमच्या तांब्यानं पाणी प्यायचे नाही. सातवीत होते. मैत्रिणी घरी आल्या तेव्हा तुमचा तांब्या मी माळ्यावर ठेवला होता."

"व्हय की," ते म्हणाले. "बरं केलंस. घरातली पोरगीच माझ्या तांब्यानं पाणी पेली असती, तर गावाला खरं वाटलं असतं का?"

मला रडू आलं. ते रस्त्याच्या कडेला, एका सायकलच्या दुकानासमोर, माझं रडणं संपेपर्यंत उभे राहिले. दुकानदारानं विचारलं, "काय झालं, मामा?" तात्या म्हणाले, "लेक परदेशी चाललीय." दुकानदारानं समजल्यासारखी मान हलवली.

ते नाव लिहिणारे डॉक्टर गोसावी आता दवाखाना चालवत नव्हते. ऐंशीच्या घरातले. गावाच्या कडेला त्यांचं बैठं घर होतं. तात्यांना त्यांनी आवाजावरून ओळखलं.

"बिरू? कोकरं कशी आहेत?"

"कोकरं कुठली आता, सायेब. वडलांच्या मागं मेंढरं इकली. ह्यी माझी मनिषा."

डॉक्टरांनी चष्मा लावून मला नीट पाहिलं. म्हणाले, "पाठ." मला कळेना. तात्यांनी मला हळूच वळवलं. डॉक्टरांनी माझ्या पाठीला नळी लावली, उजवीकडं वरती, आणि बराच वेळ ऐकत राहिले. "छान," ते म्हणाले. "फार छान."

कागदाचं सांगितल्यावर त्यांनी कॉटखालची पत्र्याची पेटी ओढायला सांगितली. तीत जुन्या रुग्णांची कार्डं गठ्ठ्यांनी बांधलेली होती. तात्या आणि मी जमिनीवर बसून शोधू लागलो. वाळवीनं काही कडा खाल्ल्या होत्या. तासाभरानं तात्यांच्या हाताला ते लागलं. त्यांनी ते माझ्याकडं दिलं, स्वतः वाचलं नाही.

बिरू मायाप्पा बंडगर. वय चौतीस. राहणार कळस. त्याखाली तारखांच्या ओळी, औषधाची मात्रा, आणि शेवटच्या रकान्यात दर महिन्याचं वजन. पहिल्या ओळीत लिहिलं होतं: अठरा किलो.

मी पुन्हा वाचलं. चौतीस वर्षांचा पुरुष, वजन अठरा किलो. पुढच्या महिन्यात साडेअठरा. मग एकोणीस. मधे एकदा पुन्हा अठरावर. मग वीस, एकवीस, शेवटच्या ओळीत चोवीस.

"नाव खोटं लिहिलं मी," डॉक्टर कॉटवरून म्हणाले. "औषध वजनावर द्यायचं असतं. वजन खोटं लिहिलं असतं तर तू मेली असतीस."

"ते आठरावर परत आलं तवा," तात्या कार्डाकडं न बघता म्हणाले, "तवा आमी घाबरलो हुतो."

डॉक्टरांनी पत्र लिहायला घेतलं. एकेक अक्षर सावकाश. हे उपचार प्रत्यक्षात या मुलीवर झाले, नाव माझ्या संमतीनं बदललं, वजनाच्या नोंदी सोबत जोडल्या आहेत. तात्या त्यांच्या हाताकडं बघत होते.

"सायेब, तुमच्यावर काय यायचं न्हाय ना?"

"या वयात काय येणार? आणि आलं तर तू ये भेटायला." डॉक्टर हसले. "अरे, सोंग तरी नीट करायचंस. दर महिन्याला यायचास तो बैलासारखा धडधाकट. कंपाउंडर विचारायचा, डॉक्टर, ह्याला टीबी कसला?"

घरी आल्यावर मी आईला हे सांगितलं तेव्हा ती तोंडाला पदर लावून हसली. "त्यास्नी खोकायला बी येत नव्हतं," ती म्हणाली. "चावडीपुढनं जाताना खोका म्हणलं, तर शेळी शिंकल्यावानी करायचे." मग हसता हसताच तिचे डोळे भरले. "आता सांगून टाकू की गावाला. सतरा वर्सं लई झाली."

"गप," तात्या म्हणाले. "गोजर, तू गप बस." इतक्या कडक आवाजात ते आईशी कधी बोलत नसत. माझ्याकडं वळून म्हणाले, "जावईबापूंना सांग. त्यांच्यापाशी चोरी नगं. पर सांगवीत न्हाय, कळसात न्हाय. तुझ्या सासूला कळलं तर उद्या तुझ्या पोरांचं सर्दीपडसं बी ह्यातच धरत्याल. माझं काय, माझी सवय झालीया. वचन दे."

मी दिलं.

संभाजींना मी बारामतीहून फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "आता खोकला आहे का?" मी नाही म्हटलं. "मग ये," ते म्हणाले. "तात्यांना नमस्कार सांग. नमस्कार नको, पायाच पड."

डॉक्टरांचं पत्र, कार्ड, थुंकीच्या नव्या तपासण्या सगळं मुंबईला गेलं. चार महिन्यांनी परवानगी आली. एक अट होती. तिथं पोचल्यावर दोन वर्षं छातीच्या दवाखान्यात ठरल्या तारखांना हजर राहायचं. तात्या मला पुण्यापर्यंत सोडायला आले. वाटेत एसटीच्या खिडकीतून आलेला धूळवारा माझ्या तोंडावर येऊ नये म्हणून त्यांनी सगळा वेळ काचेवर तळहात दाबून धरला होता. ती काच नीट बसत नव्हती.

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात ते गेले. दवाखान्यात एका गाईला सलाइन लावताना खाली बसले, ते उठलेच नाहीत. हृदय. मी पोचले तेव्हा दहावा होऊन गेला होता. ओसरीवर माणसं भेटायला येत होती. गावचे पोलीस पाटील म्हणाले, "टीबीतनं उठलेला माणूस. तरी लई वर्सं काढली म्हणायची." मामी म्हणाली, "छाती पहिल्यापास्नं नाजूकच हुती भावजींची." आईनं माझ्याकडं पाहिलं. मी लोकांना पाणी देत होते. देत राहिले.

परत गेल्यावर छातीच्या दवाखान्यातली शेवटची तारीख होती. तिथली नर्स नवीन होती, वयस्कर, माझ्या आईएवढी. फोटो स्वच्छ होता, आता पुन्हा यायची गरज नाही, असं तिनं सांगितलं. फाइल बंद करताना तिला त्या जुन्या कार्डाच्या इंग्रजी भाषांतराची प्रत दिसली. तिनं ते नाव अडखळत वाचलं आणि विचारलं, हे कोण?

"माझे वडील."

"कसे आहेत आता?"

"मे महिन्यात वारले."

"ओह." तिनं माझ्या हातावर हात ठेवला. "क्षयानं?"

खिडकीबाहेर गाड्यांची रांग होती. कळसपासून इतक्या लांब, जिथं तात्यांना ओळखणारं एकही माणूस नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "त्यांना क्षय कधीच झाला नव्हता."

तिनं मान हलवली, फाइल पुन्हा उघडली आणि त्या नावापुढं तेवढं लिहून घेतलं.