दुधातला दगड

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. काळा, गुळगुळीत, मुठीपेक्षा जरा मोठा. हसू नका. आमच्या डोंगरात दूध लाकडी भांड्यात तापवतात. लाकूड चुलीवर कसं ठेवणार? म्हणून मला निखाऱ्यांत लाल करायचं आणि चिमट्यानं मेंढीच्या दुधात सोडायचं. दूध चर्र करून उकळायचं, त्याला खमंग करपट वास यायचा. ओनेका म्हातारी म्हणायची, "माझ्या दगडासारखा दगड अख्ख्या खिंडीत नाही." मी फुगून जायचो. त्या दुधापलीकडे मला काही नको होतं.

त्या उन्हाळ्यात उत्तरेकडच्या फ्रँक राजाच्या फौजेनं आमच्या इरुन्या शहराचा कोट पाडला आणि ती आमच्या खिंडीतून परत निघाली. आमचे बास्क लोक कड्यावर धोंडे रचून बसले. राग खराच होता, नाही म्हणत नाही. पण ओनेकाच्या मुलाजवळचे, बेलास्कोजवळचे, धोंडे संपले. तो पळत घरी आला आणि चुलीजवळून मलाच उचलून घेऊन गेला.

मी फौजेतल्या एका खेचरवाल्याच्या कपाळावर आदळलो. तो लढत नव्हता, अडलेलं खेचर ओढत होता. पुढचं आठवलं की मला आजही शिसारी येते. रक्त, केस, चिकचिक! आणि आमचेच लोक पिठाच्या पोत्यांसाठी प्रेतं तुडवत होते, मेलेल्यांच्या पायांतले जोडे ओढत होते. शी!

बेलास्कोनं त्या खेचरवाल्याचे जोडे पायांत चढवले आणि मला मिरवत घरी आणलं.

"आये, बघ! ह्यानं फ्रँक लोळवला! आज सगळ्यांना ह्याचंच दूध!"

"आधी धू मेल्या त्याला."

"धुवायचं कशाला? मर्दानी दूध होईल!"

शेजारी खिदळले. त्यानं मला तसंच निखाऱ्यांत टाकलं. झोपडीभर केस जळल्याची घाण सुटली. मग दुधात सोडलं. दूध नासलं, वर काळपट साय धरली. माझ्या दुधाची ही दशा!

ओनेकानं पेला भरून मुलापुढे धरला.

"पी."

"आये, वास येतोय गं."

"त्याचे जोडे घालताना नाही आला वास?"

बेलास्कोनं खाली पाहिलं. शेजारी एकेक करून उठून गेले. त्यानं जोडे काढले, कुदळ घेतली आणि अनवाणी खिंडीत उतरला. त्या खेचरवाल्याला त्यानं पुरलं.

ओनेकानं मला ओढ्यावर वाळूनं घासघासून धुतलं. पण दुधात पुन्हा कधी सोडलं नाही. आता मी मेंढवाड्याच्या फाटकाला टेकण म्हणून पडून आहे.

मित्रांनो, तुमची भांडणं तुम्ही भांडा; चुलीजवळच्या वस्तूंना त्यांत ओढू नका. दुधाची आठवण मला रोज येते. पण उद्या कुणी मला भांड्यात सोडायला आलंच, तर मीच म्हणेन, नको रे बाबा, घाण होईल.