खळ लावलेला ताणा

वडगावात आमच्या गल्लीत उंदीर मरून पडू लागले, तेव्हा घर सोडायचं मीच ठरवलं. माझा थोरला भाऊ कल्लाप्पाअण्णा विणकर. मी पुण्याला विज्ञान शिकून बेळगावच्या एका शाळेत मास्तर झालो होतो, म्हणून प्लेगच्या बाबतीत माझं ऐकायचं, हे घरात कुणी न बोलता ठरलेलं होतं.

गावाबाहेर माळावर खोपटं बांधलं. कपडे उकळून घेतले. धान्य घरीच ठेवलं. उंदीर मेला की त्याचं अंग थंड पडतं आणि त्याच्या अंगावरच्या पिसवा ऊब शोधत दुसरीकडे जातात. माणसाला प्लेग होतो तो त्यांच्या चावण्यानं. हे मी बायाक्कावैनीला समजावून सांगितलं.

"एवढं शिकून भावजी पिसवांच्या मागं लागलं म्हणायचं!" वैनी हसली. पण वाकळाही तिनं उकळल्या.

माग तेवढा घरी राहिला. त्यावर अण्णाच्या थोरल्या लेकीच्या, अक्काताईच्या लग्नाचं लुगडं अर्धं विणलेलं होतं. आमच्यात लेकीचं लग्नाचं लुगडं बाप स्वतः विणतो आणि शेवटचा पदर पुरा झाल्याशिवाय ते मागावरून कापत नाही. मध्येच कापलं तर तिचा संसार मोडतो असं मानतात. ताण्याचं, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांचं, सूत तुटू नये म्हणून त्याला पिठाची खळ लावतात, आणि ती खळ खायला उंदीर मागावर येतात. म्हणून मी अण्णाला बजावलं होतं, "साथ सरेपर्यंत मागाला हात लावू नको." त्यानं मान हलवली होती.

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी शाळेतून परतलो, तर खोपट्यातून मागाचा ठोका ऐकू आला.

अण्णानं आत खड्डा खणून माग बसवला होता. धाकटी गुणा त्याच्या पाठीला टेकून बसली होती.

"अण्णा, हे काय केलंस?"

"लग्न तोंडावर आलंय. घरात बसून विणू नको म्हणालास, न्हाय विणलं. हितं विणतोय."

"ताणा तिथलाच आणलास ना?"

"न्हायतर काय, नवा आणू? अर्धं लुगडं हाय त्याच्यावर."

"गाडीत मी ताण्यावरच बसलेते, काका," गुणा म्हणाली. "लई मऊ हाय."

तिचा डावा हात धरून मी उजेडात नेला. कोपराखाली तीन-चार तांबडे ठिपके होते.

मी काय काय करता येईल याचा विचार केला. ताणा उकळावा, तर खळ निघून सूत विस्कटणार. घासलेट शिंपडावं, तर लुगडं वाया. उन्हात पसरावा, तर आभाळ चार दिवस भरलेलं. आणि यातलं सगळं केलं, तरी पिसवा ताण्यातून उतरून कधीच वाकळांत गेल्या असणार.

"जाळू का मग?" अण्णानं विचारलं. त्याचा आवाज चिडका नव्हता. "जाळून पोरं वाचत्यात का सांग. आत्ता काडी लावतो."

मी गुणाचा हात सोडला.

"बोल की रं, सुबा."

"आता जाळून उपयोग नाही."

"मग विणू दे." त्यानं धोटा ताण्यातून पलीकडे फेकला.

त्या संध्याकाळी मी पसरट ताटलीत पाणी घालून मधोमध दिवा ठेवला. सकाळी पाण्यावर पिसवा तरंगत होत्या. शाळेतलं भिंग आणून बघितलं. पाय दिसले, सोंड दिसली. पोटात प्लेग आहे की नाही, ते भिंगातून दिसत नाही.

सगळ्यांना दवाखान्यात नेऊन लस टोचून घेतली. आधी नको म्हणणारी वैनी रांगेत सगळ्यांच्या पुढे उभी राहिली. परतताना तिनं विचारलं, "आता भ्या न्हाय न्हवं, भावजी?"

लस अंगात मुरायला आठवडा तरी लागतो. चाव्याचा प्लेग त्याच्या आत वर येतो. मी म्हणालो, "बघू."

"बघू म्हंजे?" ती थांबली. मग चालू लागली.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनाच ताप आला. लशीनं येतोच, म्हणून तापावरून काही कळणार नव्हतं. कळलं तर गाठीवरून; हाताला चावलं तर प्लेगची गाठ त्याच बाजूच्या काखेत येते. लस उजव्या दंडावर दिली होती आणि गुणाचे चावे डाव्या हातावर होते. म्हणून मी सकाळ-संध्याकाळ तिच्या डाव्या काखेत बोटं घालून बघायचो.

"काका, गुदगुल्या!" ती हात आवळून घ्यायची आणि खोपटभर हसायची. अण्णा मागावरून म्हणायचा, "मास्तर, पोरीला हसवून मारशील." गुणा हसली की मला सुटल्यासारखं वाटे. हसणं ही काही परीक्षा नव्हती, पण माझ्याजवळ दुसरी नव्हती.

आम्हा बाकीच्यांचा ताप उतरला. लुगड्याचा पदर सुरू झाला. आभाळही उघडलं, माळावर लख्ख ऊन पडलं. त्या सकाळी मी गुणाजवळ बसलो. वैनी चुलीशी भाकरी थापत होती.

मी काखेत बोटं घातली.

गुणा हसली नाही. तिनं माझं मनगट घट्ट धरलं आणि हळूच बाजूला सारलं.

"दुखतंय काका."

वैनीची भाकरी परातीतच राहिली. अण्णाच्या हातातला धोटा थांबला. दोघंही माझ्याकडे बघत होते, मी आता काय सांगतो म्हणून.