गिरणीतले पांढरे मेण

मी एक जुनी मेणाची डबी आहे. मित्रांनो, कुंकवाची नव्हे, मेणाची! हा फरक आधीच सांगून ठेवते, कारण उभा जन्म लोकांनी कुंकवाच्या करंड्याचेच कौतुक केले. पूर्वी बायका कपाळाला आधी बोटभर मेण लावायच्या आणि त्यावर कुंकू टेकवायच्या. मेण नसेल तर कुंकू घामाबरोबर नाकावर उतरायचे. म्हणजे काम माझे आणि नाव करंड्याचे. असो. नाचणारीचे पाय दिसतात, अंगण कोणी पाहत नाही.

माझा जन्म सावंतवाडीचा. चिताऱ्याने, म्हणजे लाकूड रंगवणाऱ्या कारागिराने, मला चरकावर धरून गोल केले आणि फिरता फिरताच माझ्यावर लाल लाख चढवली. ही लाख कुठून येते, ठाऊक आहे? झाडाच्या फांदीला चिकटून बसलेले इवलेसे किडे ती तयार करतात. माझ्या पोटातले मेण मधमाश्यांचे. आज माझ्या शेजारी एक लिपस्टिकची कांडी राहते. भलतीच नखरेल आहे. पण तिच्याही पोटात मेण आहे, आणि तिच्या कितीतरी बहिणींचा लाल रंग किड्यांपासूनच येतो म्हणे. तेव्हा नटणाऱ्या माणसाने किड्यामुंग्यांना फार नाके मुरडू नयेत.

गंगुबाईच्या लग्नात मी तिच्याबरोबर सासरी गेले. पुढे तिचा नवरा वारला आणि माझे झाकण बंद झाले ते बंदच झाले. त्या काळी विधवेने कुंकू लावायचे नसे. तरी तिने मला कोणाला दिले नाही. मुलगा दौलत मुंबईला गिरणीत लागला, तेव्हा वेंगुर्ल्याच्या आगबोटीतून ती मला कनवटीला लावून लालबागच्या चाळीत घेऊन आली. दौलतचे लग्न झाले आणि नवी सून दुर्गा उंबरा ओलांडून आत आली, त्या दिवशी गंगुबाईने मला पुसले, ताजे मेण भरले आणि तिच्या हातात ठेवले. "घे गो, तुझी आता," एवढेच बोलली. मला फार भरून आले. इतक्या वर्षांनी कोणाचे तरी बोट माझ्यात फिरणार होते!

दुर्गा मेण लावू लागली की गंगुबाई भाकरी थापता थापता तिरप्या नजरेने बघायची. मेण कमी झाले की तीच भरायची. स्वतःला लावता येत नव्हते, पण सुनेच्या डबीचा तळ तिने कधी दिसू दिला नाही.

मी सांगते ती गोष्ट मुंबईत गाठीच्या तापाची, म्हणजे प्लेगची, साथ यायच्या दोनेक वर्षे आधीची आहे. गंगुबाईचा भाऊ गावाहून पोळ्याचे पिवळे मेण पाठवायचा. पण पावसाळ्यात बोटी बंद झाल्या आणि मेण संपले. त्यात भाद्रपदात गौरी येणार होत्या, आणि दुर्गाचा तो पहिला ओवसा होता. ओवसा म्हणजे काय, ते सांगते. नव्या सुनेने सुपांत फळे, पाने, नारळ भरून ती गौरीपुढे ओवाळायची आणि मग एकेक सूप मोठ्या बायकांच्या हाती द्यायचे. बाईने सूप घेतले की सून घरची झाली. सूप परतवले, तर त्या पोरीला जन्माचा बोल लागायचा.

दौलतला आईची काळजी दिसत होती. गिरणीत सुताला खळ लावायच्या खात्यात तो नुकताच गेला होता. तिथे कढईत पिठाबरोबर एक पांढरे, गुळगुळीत काहीतरी पडायचे. गावचा चांभार दोऱ्याला मेण घासायचा, ते दौलतने लहानपणापासून पाहिलेले. सुताला लावतात ते मेणच असणार, अशी त्याची पक्की खात्री झाली. आणि हो, आमच्या मालवणीत हाडणे म्हणजे आणणे, घोव म्हणजे नवरा, झील म्हणजे मुलगा आणि चेडू म्हणजे मुलगी, एवढे ध्यानात ठेवा.

"आये, ह्यां बघ मेण!" केळीच्या पानातला गोळा पुढे करत तो म्हणाला. "आमच्या खात्यात पिंपां भरून आसा."

"चोरून नाय मा हाडलंस?"

"नाय गो. जॉबराक, आमच्या मुकादमाक इचारलंय. त्यानंच दिल्यान."

गंगुबाईने गोळा उन्हात धरून पाहिला. "विलायती दिसता," ती खुशीत म्हणाली आणि तिने तो माझ्यात ठासून भरला. मला ते जरा गिळगिळीत वाटले. पण मला विचारतो कोण?

गौरीच्या दिवशी खोलीत बायकांची दाटी झाली होती. चुलीवर वडे तळले जात होते आणि सगळ्या घामाघूम झाल्या होत्या. दुर्गाने माझ्यातले मेण लावून प्रत्येकीला कुंकू लावले. पहिले सूप चाळीतल्या सर्वांत मोठ्या सवाष्णीला, रखमाला, द्यायचे ठरले होते. गंगुबाई विधवेच्या रीतीप्रमाणे दाराबाहेर, पदर ओढून उभी होती.

दुर्गाने सूप उचलले आणि नेमके तेव्हाच चाळीतला बोका पाटाखालून आला आणि मला चाटू लागला. अहो, चाटू लागला म्हणजे काय, डोळे मिटून, घुर्रघुर्र करत!

"मांजार मेण चाटता काय गो?" रखमा म्हणाली. तिने कपाळाला हात लावला. कुंकू ओघळून भुवईवर आले होते. तिने बोटाचा वास घेतला. "ह्यां मेण हाडल्यान कोणी?"

"ह्यांनी... गिरणीतून," दुर्गा कशीबशी म्हणाली.

"अगो, ती चरबी! आमचो घोव सांगता, खळीत चरबी घालतत म्हणून. कसल्या जनावराची ती देव जाणे, आणि आमच्या कपाळाक लावलंस?"

तिथल्या कोणी शाकाहारी नव्हत्या. पण खायचे जनावर ठाऊक असते. हे कसले, कोणाला ठाऊक? एकीने कपाळ खसाखसा पुसले. दुसरी उठून दाराकडे निघाली. दुर्गा सूप पुढे धरून उभी होती, पण ते घ्यायला एकही हात पुढे येईना. त्या पोरीकडे मला बघवेना.

तेव्हा गंगुबाई उंबरा ओलांडून आत आली. गौरीसमोर, सवाष्णींच्या मधोमध येऊन उभी राहिली. "चेडवाक बोलू नको, रखमा. डबी मी भरलंय. बोलायचां तां माका बोल."

मग ती रखमाच्या लुगड्याकडे बोट दाखवत म्हणाली,

"आणि एक सांग. तुझ्या अंगावरचां लुगडां खंयचां?"

"गिरणीचां. कित्याक?"

"त्याच्या सुताक हीच चरबी लागता. माझो झील लावता, तुझो घोव विणता. तां नेसान तू गवरीफुडे बसलंस, तेवा इटाळ नाय झालो? हेच्यावर आपली चूल पेटता गो. पोटाक चलता, मगे कपाळाक लागली म्हणून चेडवाचो ओवसो मोडतंस?"

रखमाने आपला पदर पुढे ओढून पाहिला. मग तोच पदर कपाळावर फिरवत म्हणाली, "चरबीनंच चरबी पुसतंय म्हणायची!" आणि हसली. ती हसली तशा सगळ्याच हसल्या. दाराकडे गेलेली बाईसुद्धा माघारी येऊन बसली.

"हाड तां सूप," रखमा म्हणाली. दुर्गाने ते तिच्या हाती दिले. रखमाने क्षणभर ते धरले आणि पुन्हा दुर्गाच्या हातात ठेवले. परतवले की काय?

"पयलां सूप माझां नाय," रखमा म्हणाली. "जिका कुंकवाक बोट लावूचां नाय, तरी जी तुझी डबी भरता, तिका दी. माका दुसरां चलात."

गंगुबाई मागे सरली. "माका कित्याक गो? रीत नाय ती..." पण दुर्गा तिच्या पायाशी वाकलीच होती. विधवेच्या हाती ओवशाचे सूप त्या चाळीत कोणी पाहिले नव्हते. गंगुबाईला ते नीट धरतासुद्धा येईना, म्हणून रखमाने खालून हात दिला. मी आयुष्यात पुष्कळ हळदीकुंकवे पाहिली, मित्रांनो, पण इतक्या बायका एकदम डोळे पुसताना त्याच दिवशी पाहिल्या.

दुसऱ्या दिवशी दौलत मला समुद्रात टाकायला निघाला होता. बिचारा शरमेने वर बघत नव्हता. गंगुबाईने मला त्याच्या हातातून काढून घेतले, शिंपल्याने आतली चरबी खरवडली आणि बेसनाने घासून घासून मला कोरडे केले. "चुकलो तो मायेनं चुकलो," ती सुनेला म्हणाली. "डबयेन काय केल्यान?" पाऊस सरल्यावर सुटलेल्या पहिल्या बोटीने गावाहून मेण आले, आणि मी पुन्हा भरले.

पुढे चिकटवायच्या टिकल्या निघाल्या आणि माझी गरज सरली. त्याचे मला वाईट वाटते, पण राग नाही. मित्रांनो, अंगाला जे लावाल ते कोणत्या जिवापासून आले, हे जरूर विचारा. कोणा मुक्या प्राण्याला आपल्या नटण्यासाठी उगाच त्रास होऊ देऊ नका. आणि घरात कोणी तुमच्यासाठी हौसेने चुकीचे काही आणले, तर ते खुशाल खरवडून टाका. फक्त आणणाऱ्याचा हात तेवढा झिडकारू नका.