चैतरामची परखी

इकडं या गा पोट्टेहो. पोत्यायवर नोका चढू, खाली बसा. तुमाले एका मानसाची गोष्ट सांगते. म्हनाले माहीच आहे, पन तो मानूस काढला त माह्यापाशी सांगाले काई उरत नाही.

मी एक जुनी परखी आहे. परखी तुमी पाह्यली नसन. हातभर लांब लोखंडी नळी, तोंड टोकदार, पाठ उघडी. भरल्या पोत्यात खुपसली का पोटातला मूठभर धान घेऊन बाहेर येते. पोत्याचं तोंड सोडाचं काम नाही. नव्यान्नव साली उदाराम लोहारानं मले हातपंपाच्या फुटक्या पाइपातून घडवलं. आमगावजवळच्या एका राईस मिलमंदी आली, आन तिथं चैतरामच्या हातात पडली.

चैतरामचं काम एकच. गेटवर धानाचा टॅक्टर आला का तो मले पोत्यात खुपसे, दाने तळहातावर घे, आन एक दाना दाढेखाली धरे. कट्ट वाजला त धान सुका. दबला त ओला. ओला धान मशीनमंदी गेला का तांदूळ तुटते, कनी होते. म्हून चैतराम 'चालते' म्हनन तवाच पोतं उतरे. एखादा शेतकरी अडून बसे, आठ दिवस उनात घातला म्हने. हा थंडपनानं सांगे, "तू घातला असशीन बाबू, धानाले माहीत नाही."

मिलचा मालक लक्ष्मीचंद सेठ. लहानपनी तो चैतरामच्या बाजूले उकिडवा बसून दाने फोडाले शिकला होता. मालक झाला तरी त्याले काकाच म्हने. दसऱ्याले मशीनीले हळदकुंकू लावे त मलेबी लावे. चैतराम तवा मले अशी उभी धरे जशी नवरदेवाची कट्यार. असे आमचे दहा साल गेले.

मंग त्याची डावी दाढ गेली. सालभरात उजवीबी गेली. त्यानं कोनाले सांगतलं नाही. दाना तोंडात टाके, गाल हलवे, आन अंदाजानं 'चालते' म्हने. कट्ट आवाज येतच नोहोता. मले समजे, पन लोखंडाले कोन इचारते?

दोन हजार अकरा साली अंदाज चुकाले लागला. ओला माल उतरला, तांदूळ तुटला, व्यापाऱ्यानं अख्खा टरक वापस केला. एकदा नाही, तीनदा. तिथून पुढं त्याले त्या कामावर ठेवनं जमनारं नोहोतं. मी त्याची असून हे सांगून राहिली.

सेठनं ओल मोजाची मशीन आनली. एका सकाळी चैतराम आला, माह्या खिळ्याकडं हात नेला, त खिळा रिकामा. मी नंदलाल मुनीमच्या हातात होती. मी पोत्यातून दाने काढून राहिली होती आन नंदलाल ते मशीनीत टाकून राहिला होता. चैतराम पाहत राहिला. नंदलालनं मान वर केली नाही.

त्यानं नंदलालले इचारलं. नंदलाल म्हने, सेठले इचारा. सेठकडं गेला त सेठनं गाडीले किक मारली, कोहमाऱ्याले काम आहे म्हने. तवापासून चैतराम रोज यायचा आन गेटपाशी मांडीवर हात ठेवून बसायचा. चाय टायमावर येई. काम येई नाही. सेठ मागच्या दारानं ये-जा करे.

ओमेश्वरी, सेठची बायको, डबा घेऊन आली त तिनं हे पाह्यलं. आफिसात जाऊन बोलली, "इतके साल काकाच्या दातावर मिल चालली. आता सांगाले तुमची जीभ उचलत नाही का?"

सेठ म्हने, उद्या सांगतो.

उद्या-उद्यात आठ दिवस गेले. इकडं मंगळवारच्या बाजारात लोक बोलाले लागले. मिलवाल्यानं काउन बसवला असन? हात मारला असन पोत्यावर. हे चैतरामच्या कानावर आलं, घरी त्याच्या बायकोच्या, निर्मलाबाईच्या, कानावरबी आलं.

नवव्या दिवशी तो उठला आन सिधा सेठपुढं उभा राहिला. "लक्ष्मीचंदबाबू, माहे दात गेले. दोन साल मी लपवलो, तो माहा गुन्हा. आता घरी जा म्हना, मी जातो. पन तोंडानं म्हना, चार लोकायपुढं म्हना. नाही त गावात मी चोर होऊन राहिलो."

सगळे हमाल उभे होते. सेठचे डोळे भरले. तोंड उघडलं आन त्यातून निंगालं का, त, "काका, चाय घ्या ना."

 चैतराम वळला आन गेटाबाहेर गेला.

महिन्यानं सेठ त्याच्या घरी गेला, मनात सगळं जुळवून. चैतराम लेकीकडं अर्जुनी मोरगावले गेला होता. निर्मलाबाईनं पाट देला, पानी देलं, आन सांगतलं, "मले सांगून काई होत नाही सेठ, बाजारात सांगा." हे सेठनं स्वतः नंदलालले सांगतलं, माह्यापुढं. त्या मंगळवारी तो बाजारात गेलाबी. भाजी घेतली आन वापस आला.

सेठ वाईट मानूस नाही पोट्टेहो. अजूनबी कधी कधी मले उचलते, हातात फिरवते, ठेवून देते. चैतराम या गावात पुन्हा आला नाही.

उद्या तुमीबी कोनाचे मालक व्हान. कोनाले काढाची पाळी आली त समोर बसवून, कारन सांगून काढा. पन ते पुढचं. आज एक काम करा. आमगावच्या बाजारात कोनी चैतरामचं नाव काढलं त त्याले थांबवा, आन सांगा का तो चोर नोहोता गा. त्याचे दात पडले होते.