पाच चॅनेलांनी सिद्ध केलेला गूळ

दर गुरुवारी टोकावड्याच्या अलीकडे, आमच्या गावापाशी एसटी अडकायची. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रिक्षा, टेम्पो, मोटारी. माळावरच्या मांडवात शुगरचे रोगी आणि त्यांच्यासमोर गूळबाबा. मंत्र संपेपर्यंत रोग्याने दोन्ही मुठींत ओला गूळ कुस्करायचा. मग शिष्य त्याच्या बोटाला सुई टोचून मशीनवर शुगर मोजायचा. आकडा चारशेच्या वर. गर्दी हळहळायची. त्यानंतर तीर्थाने हात धुवायचे, भगव्या फडक्याने पुसायचे, पुन्हा सुई. आकडा निम्म्यावर. लोक हात जोडायचे.

"पॅनक्रियाज म्हणजे मूळची पंचक्रिया," बाबा माईकवरून सांगायचा. "गोऱ्यांनी आपला शब्द चोरला आणि आपल्यालाच औषधं विकली. सुई सोडा, गूळ धरा."

मी गावच्या शाळेत शिकवते. शेजारच्या बाईजाकाकूंनी इन्सुलिन सोडल्याचं मला कळलं ते त्यांच्या ओटीवरच्या वासाने. पायाच्या अंगठ्याची जखम त्यांनी हळद भरून फडक्यात गुंडाळली होती. फडकं ओलं होतं, त्यावर माश्या बसल्या होत्या.

"काकू, दवाखान्यात चला."

"कशाला? माजी शुगर निम्मी उतरली, सगल्यांच्या समोर. आन एकटा बाबा बोलतो का? पाच चॅनेलवाले बोलतात. पाचही खोटे कसे असतील गो बाई?"

त्यांनी मोबाईल पुढे केला. घाटवारा, शिवार दर्पण, रानहाक आणि आणखी दोन. प्रत्येकाचा रंग वेगळा, निवेदक वेगळा, बातमी तीच: 'गुळाने शुगर गायब, डॉक्टर चक्रावले.' कुठला डॉक्टर, हे एकानेही सांगितलं नव्हतं. शेवटी मात्र पाचही जणांनी जोडलं होतं की, दवाखान्यासाठी राखलेली माळावरची गावची जागा बाबांच्या आश्रमाला द्यावी, अशी जनतेची मागणी आहे. त्या सोमवारी ग्रामसभा होती.

मी घाटवाऱ्याला फोन लावला. "एका बाईचा पाय सडतोय, तेही दाखवा."

"बघतो," पलीकडचा म्हणाला.

शिवार दर्पणला लावला. "बघतो." आवाज तोच. तिसऱ्या नंबरवर तो वैतागला.

"मॅडम, कुठंपन लावा, मीच उचलनार. पाचही आपल्या सुनिलशेठचे आहेत. काय ते एकदाच सांगा."

सुनिलशेठ पंचायत समितीला उभा राहणार होता, आणि मांडवाला लागून त्याचे बंगल्यांचे प्लॉट पाडलेले होते. आश्रम झाला की त्यांचा भाव चढणार होता. पूर्वी शहापूरहून एक साप्ताहिक आमच्याकडे यायचं. सरकारी दवाखान्यांतल्या डॉक्टरांच्या रिकाम्या पदांबद्दल त्यात सतत लिहून यायचं. शेठने ते विकत घेतलं आणि बंद केलं. तेव्हा गावात कोणाला काही वाटलं नव्हतं. मला आता शिसारी आली. काकूंचा अंगठा या माणसाच्या जाहिरातीपायी सडत होता.

मुरबाडला दवाखाना चालवणारी डॉक्टर दामिनी माझी मैत्रीण. मी फोन केला आणि ती त्याच संध्याकाळी आली. काकूंना तिने रिक्षात घालून नेलं, त्यांना फार बोलूच दिलं नाही. निघताना मी तिला बाबाचा व्हिडिओ दाखवला. तिने तो पुन्हा एकदा पाहिला आणि म्हणाली, "सोमवारी मी येते."

ग्रामसभेत ती स्वतःचं मशीन घेऊन उभी राहिली. "ज्याला शुगर नाही असा कोणी पुढे या."

महादू आला. धडधाकट गडी, दिवसभर भाताच्या खाचरात राबणारा. दामिनीने त्याचं बोट टोचलं. अठ्ठ्याण्णव. मग त्याच्या मुठीत ओला गूळ दिला, कुस्करायला लावला आणि न धुता दुसरं बोट टोचलं. चारशे तीस. महादूचं तोंड उतरलं. तिने त्याला नळावर पाठवलं, साबणाने हात धुवायला लावले, कोरडे करून पुन्हा टोचलं. एकशे एक.

"मंग आमची शुगर उतरली ती?" मागून एक बाई म्हणाली.

"होती तेवढीच आहे," दामिनी म्हणाली. "हातावरचा गूळ उतरला. रक्ताच्या थेंबात तो मिसळला की मशीन त्यालाही मोजतं."

सुनिलशेठ उठून बाहेर गेला. आश्रमाचा ठराव पडला. हात मोजायचीही गरज पडली नाही.

पाचही चॅनेलांवर बातमी आली: 'ग्रामसभेत संताचा अपमान, डॉक्टरांचा कट.' महादूची बोटं कुठेच दिसली नाहीत. गुरुवारी आमच्या गावचं कोणी मांडवात नव्हतं, तरी मांडव भरला. काकूंचा अंगठा कापावा लागला. दवाखान्यात त्यांच्या शेजारच्या खाटेवर खर्डीचा एक म्हातारा आला, घोट्यापर्यंत काळा पडलेला पाय घेऊन. आमच्या ग्रामसभेत काय झालं ते त्याच्या गावात कोणालाच माहीत नव्हतं. सांगणार कोण?

बाबाची लबाडी मूठभर गुळाची. ती पकडायला नळाचं पाणी पुरलं. शेठची लबाडी मोठी. एका माणसाने पाच तोंडांनी बोलायचं आणि ऐकणाऱ्याला वाटायचं की पाच जणांनी खात्री केली. ग्रामसभेत असो की मतदानात, आपण हात वर करतो तो कानावर आलेल्या गोष्टींच्या भरवशावर. म्हणून बातमी कितीदा आली ते मोजू नका. ती कोणाची आहे, त्यात त्याचा काय फायदा आहे, हे विचारा. आणि त्याच्या विरुद्ध लिहिणारा एखादा कोणी अजून उरला असेल, तर त्या लिहिणाऱ्याचं म्हणणं पटलं नाही तरी त्याला बंद पडू देऊ नका.