कच्चा टाका

"तुझी ती रसायनं दहा मिनिटांत जुळली, तर मी झालरीचा फ्रॉक घालून दुकानाच्या पायरीवर बसेन!" शिंपीकाकांनी भर जिन्यात पैज ठोकली.

"कुठल्या रंगाचा?" वरच्या मावशींनी लगेच कान टवकारले.

"गुलाबी! होऊन जाऊ दे!"

समोरच्या घरातली पोरगी मात्र हसली नाही. तिला हसवायलाच तर काकांनी हा उपद्व्याप केला होता. तिचं पहिलं झबलं त्यांनीच शिवलेलं. आता ती प्रयोगशाळेत होती आणि आठवडाभर तोंड पाडून घरी येत होती. त्यांनी तिला खाली दुकानात नेऊन स्टुलावर बसवलं.

"बोल, घोडं कुठं अडलंय?"

"जिवंत पेशीवरच्या साखरेला आम्ही हूक लावतो, चमकणाऱ्या रंगाला कडी. दोघं फक्त एकमेकांनाच धरतात. पेशीतल्या बाकी कुणाच्या वाटेला जात नाहीत."

"गुणी आहेत की!"

"गुणी, पण मुलखाचे आळशी! जुळायला चार तास. घाई म्हणून रंग वाढवला, की पेशी मरतात. महिनाअखेरीपर्यंत जमलं नाही तर मॅडम काम बंद करणार. तीन वर्षं पाण्यात, काका."

काकांनी एका शर्टाची बाही उचलली आणि कच्चा टाका घालायला घेतला.

"हा कशाला? नंतर उसवणारच ना?"

"अगं, कापड सरकतं. आधी दोघांना सैलसं जवळ धरून ठेवायचं. मग मशीन सुसाट पळतं."

पोरीनं बाही हिसकावली. उलटी केली, सुलटी केली.

"काका, हुकाला आणि कडीला एकेक शेपूट जोडलं तर? एकमेकांना सैल चिकटणारं! जवळ तर राहतील!"

आणि पळालीच.

"अगं, गिऱ्हाइकाची बाही!"

महिनाअखेरीला तिचा फोन आला. "सहा मिनिटं, काका! आणि पेशी जिवंत! मॅडम म्हणाल्या, काम चालू ठेवा!"

"घ्या! अक्कल आपणच पुरवली आणि पैजही आपणच हरलो," काका गिऱ्हाइकाला म्हणाले, आणि मापाच्या टेपनंच डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पायरीवर गुलाबी फ्रॉक, झुबकेदार मिशा आणि केसाळ पोटऱ्या असा थाट. अख्खी गल्ली लोटली.

"एक गिरकी होऊ द्या!" मावशी ओरडल्या. काकांनी झोकात घेतली आणि धापा टाकत बसले.

पोरगी गर्दीतून आली, त्यांच्या शेजारी टेकली. हसता हसता तिला रडू फुटलं. तिनं डोकं त्यांच्या खांद्यावरच्या झालरीवर ठेवलं.

"चुरगळेल हो, काका."

"चुरगळू दे."

"आणखी एक गिरकी!" लोकांचा गिल्ला सुरूच होता. काका जागचे हलले नाहीत.