पंपाचा बेल्ट

आमचे हे म्हणजे गाड्यांच्या स्टिअरिंगचे डॉक्टर. ब्रेक, क्लच वगैरे किरकोळ दुखणी इतरांकडे. स्टिअरिंग जड झालं की लोक यांचं गॅरेज शोधत येतात. बावीस वर्षं मी यांचे तेलकट कपडे धुतले आणि जेवताना यांची भाषणं ऐकली. दोन्हींचे डाग जाता जात नाहीत.

विषय एकच. जुन्या गाड्यांतलं हायड्रॉलिक स्टिअरिंग तेवढं खरं. इंजिनावरचा एक वेगळा बेल्ट पंप फिरवतो, पंप तेल दाबतो, आणि रस्त्यातला खडासुद्धा हाताला कळतो. नव्या गाड्यांतलं इलेक्ट्रिक स्टिअरिंग म्हणजे खेळणं. "हात तुझा, पण चाक जड की हलकं ते ठरवणार आतला कॉम्प्युटर," हे घास हातात धरून म्हणतात. "त्याला काय गाडी चालवणं म्हणायचं?"

मुलगी शिकायला परगावी गेली आणि घर खायला उठलं, तेव्हा सेहेचाळिसाव्या वर्षी मी लायसन्स काढलं. शिकवताना हे शंभरदा खेकसले, पण एक गोष्ट कामाची सांगितली: उभ्या गाडीत चाक पिळायचं नाही. आधी गाडी इंचभर हलू द्यायची, मग वळवायचं.

मग शहराच्या दुसऱ्या टोकाला, शिवण केंद्रात शिकवायची नोकरी मिळाली. सोमवारी नऊला हजर व्हायचं, नाहीतर यादीतली पुढची बाई. तिकडे बस जात नाही. आमची जुनी गाडी मात्र दिवसभर भिंतीला नाक लावून उभी असते, कारण हे गॅरेजला चालत जातात. मी नोकरीचं पत्र दाखवून गाडी मागितली, तर हे म्हणाले, "बघू." आमच्या घरात "बघू" म्हणजे कुलूप.

तिसऱ्या दिवशी गाडीचं स्टिअरिंग जड झालं. माझा उजवा खांदा आधीच आखडलेला. दोन्ही हातांनी लोंबकळले तरी चाक वीतभर वळेना. यांनी बॉनेट उघडून तोंड पाडलं. "पंप गेला. तेल गळतंय. रस्त्यात जाम झालं तर जिवावर बेतेल. हात लावू नकोस. पार्ट यायला महिना लागेल."

"मग ही विकू या ना. तुमचं ते गिऱ्हाईक छोटी गाडी विकतंय, इलेक्ट्रिक स्टिअरिंगची."

"ते खेळणं माझ्या दारात? हसतील लोक मला."

झालं! मी आपली स्वयंपाकघरातून खिडकीशी, खिडकीतून गाडीकडे बघत परत स्वयंपाकघरात. त्या आठवड्यात मला अक्षरशः कोंडल्यासारखं झालं. दार तर उघडं होतं, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करणार? रडले एकदा, कांदा चिरायच्या निमित्ताने.

रविवारी दुपारी हे जेवून घोरत होते. तेल गळतंय तर निदान वरून थोडं घालावं, म्हणून मी बॉनेट उघडलं. तेलाची डबी काठोकाठ भरलेली. वाकून पाहिलं, गाडीखालची फरशी कोरडी. आणि पंपाची पुली उघडी! बेल्टच नाही. गेल्याच वर्षी नवा घातला होता. टॉर्च मीच धरला होता. तुटला असता तर तुकडे पडले असते. बेल्ट आपणहून उतरून फिरायला जात नाही.

कपाटावर सापडला, बुटांच्या खोक्यात, वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेला.

संध्याकाळी मी तो यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला.

यांचा चेहरा उतरला. "कुठं मिळाला?"

"बुटांच्या खोक्यात. बुटांना पॉवर स्टिअरिंग लागतं का हो?"

हे बेल्ट हातात घेऊन म्हणाले, "तुझा खांदा हा असा. तिकडची रहदारी तसली. आणि घरी आलो तर दाराला कुलूप. मला नाही आवडत."

"मग तसं सांगायचंत. इलेक्ट्रिकमध्ये कॉम्प्युटर ठरवतो म्हणून इतकी वर्षं ओरडताय. आपल्या गाडीत कोण ठरवतंय?"

यांनी बेल्ट बाजूला सारून चहाचा कप उचलला.

"सकाळी बसवून द्या."

"बघू," हे म्हणाले.

रात्रभर मला त्या एका शब्दाचा राग येत राहिला. पण एक गोष्ट लक्षात आली: पंप धड होता. मग जाम कसलं होणार? फक्त जड.

सोमवारी सव्वाआठला मी खिळ्यावरची किल्ली घेतली. हे दाढी करत होते. मी रिव्हर्स टाकला, गाडी इंचभर मागे सोडली आणि हलता हलता चाक ओढलं. वळलं! खांद्यातून कळ मस्तकात गेली. पुन्हा इंचभर, पुन्हा ओढ. भिंत बाजूला झाली, समोर गल्ली आली. मी पहिला गिअर टाकला, आणि गाडी वेग घेऊ लागली तसं चाक हाताला ऐकू लागलं. मी घामाने निथळत होते आणि मोठमोठ्याने हसत होते.

आरशात हे दिसले. बनियनवर, अर्ध्या गालाला फेस, हातात बेल्ट घेऊन धावत येताना.

"अगं थांब! पाच मिनिटांत बसवून देतो!"

पाच मिनिटं. महिना लागणार होता ना?

मी थांबले नाही. थांबले असते तर स्टिअरिंग पुन्हा जड झालं असतं.